पुढल्या गाडीची दोरी

अश्विन लागला की मला घरात बसवत नाही. सून हाक मारते, मामंजी, चहा गार होतोय, आणि मी अंगणात बोट ओलं करून वर धरलेलं असतं. बोटाची कुठली बाजू गार पडतेय ते बघतो, आत येतो, चहा घेतो, परत बाहेर जातो. शेजारी हसतात. हसू देत बापडे. वाऱ्यानं फसवलं म्हणून हा म्हातारा असा झाला, अशी त्यांची समजूत. वाऱ्यानं मला कधीच फसवलं नाही. फसवणारा मीच होतो, आणि तेच आज सांगायला बसलोय. एका माणसाशिवाय आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या कोल्हापुराला पावसाळाभर एकच वारा, मावळतीचा. कोकणातनं घाट चढून येतो, ओला, अंगाला चिकटणारा, आणि ज्येष्ठात जो सुरू होतो तो भादव्यापर्यंत तोंड फिरवत नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची मावळतीकडची खिडकी एकदा लावली की दसऱ्याच्या साफसफाईलाच उघडायची. वाळत घातलेलं धोतर चार-चार दिवस ओलंच. बैलसुद्धा आपसूक वाऱ्याकडं पाठ करून उभे राहायचे. परगावचे लोक म्हणतात, तुम्ही कोल्हापूरकर ओरडून बोलता. चार महिने या वाऱ्यात उभं राहून बोलून दाखवा म्हणावं, मग तुम्ही किती गोड आवाजात बोलता ते बघू.

मी गाडीवान. मोठ्या महाराजांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. तेव्हा मी पंचविशीच्या आतबाहेर होतो, स्वतःची गाडी होती, बैलजोडी होती आणि अंगात मस्ती होती. कोल्हापूर ते मलकापूर, मलकापूरहून आंबा गाव, आणि तिथनं घाट उतरून खाली कोकणात, असा आमचा रस्ता. जाताना डाळ, मिरच्या, गूळ. येताना मीठ, नारळ, सुकी मासळी. आठ-नऊ गाड्या एकामागं एक चालायच्या. भर आषाढ-श्रावणात घाटात कुणी जात नसे. गौरी-गणपती झाले की आम्ही बैल जुंपायचो. पाऊस ओसरलेला असायचा, पण वारा आणि धुकं घाटात मुक्कामालाच असायचं. धुकं म्हणजे कसलं, आपल्याच बैलाची शिंगं दिसायची नाहीत.

घाटातला रस्ता बहुतेक जागी एका गाडीपुरता. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. मध्येमध्ये वळणावर थोडी रुंद जागा असायची, तिथंच काय ते दोन गाड्या एकमेकींना ओलांडायच्या. अरुंद जागेत समोरासमोर आलात तर मेलात. भरली गाडी उतारावर मागं घेता येत नाही आणि चढावर एकदा थांबली की हलता हलत नाही. डोळ्यांचा तर उपयोगच नाही. म्हणून घाट चालायचा तो कानांवर.

प्रत्येक बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ असायची, ती काही नटवायला नव्हे. वारा खालून वर येतोय, म्हणजे चढून येणाऱ्यांची घुंगरं वाऱ्याबरोबर वर येणार आणि उतरणाऱ्याला दोन वळणं आधी ऐकू जाणार. उतरणाऱ्याची घुंगरं मात्र वारा मागं आंब्याकडं घेऊन जाणार, चढणाऱ्याला त्यांचा पत्ताच नाही. त्यामुळं रीत अशी की उतरणारा ऐकतो, तर उतरणाऱ्यानं रुंद जागा बघून थांबायचं. चढणारा थांबत नसे, बघतही नसे. बापजाद्यांपासून असंच चाललेलं.

आता ही सगळी भिस्त कुणावर, तर पुढल्या गाडीवर. मागच्यांनी नुसतं पुढच्याच्या मागं जायचं. पुढल्या गाडीचा मान मोठा होता. मलकापूरच्या मुक्कामाला विहिरीवर पहिलं पाणी त्याच्या बैलांना मिळायचं, आणि तो उठल्याशिवाय कुणी जू उचलत नसे. आणि ज्याचे कान गेले त्यानं पुढली गाडी सोडायची, पुढलीच काय, घाटच सोडायचा, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. घाट सुटला की गाडीवानाची गावातली पत उतरायची. मग गावात विटा आणि माती वाहायची.

आमची पुढली गाडी चाचांची. आमच्याच पेठेतले, आमच्या घरापासून चार दारं सोडून. मुसलमानाचं घर, वडील नालबंद होते, बैलांच्या खुरांना पत्री मारायचे. चाचांनी हातोडा सोडून कासरा धरला. साठीला आलेले, शिडशिडीत, पांढरी दाढी, आणि बोलणं तोलूनमापून. तीस वर्षं त्यांची गाडी पुढं होती. घरात कुणी उरलं नव्हतं. बायको गेलेली, लेक नेसरीकडं दिलेली. त्यांचं जे काही होतं ते त्या पुढल्या जागेत होतं. डावीकडचा पांढरा बैल त्यांनी वासरापासून वाढवलेला. त्याच्याशी ते माझ्यापेक्षा जास्त बोलायचे.

चाचांचे कान गेलेत हे मला मलकापुरात कळलं. विहिरीजवळच्या उतारावर कुणाचीतरी रिकामी गाडी सुटली आणि घरंगळत थेट त्यांच्या पाठीवर यायला लागली. सगळे बोंबलत होते. चाचा आपले शांतपणे पांढऱ्याची मान चोळत उभे. मी धावत जाऊन त्यांना ओढलं, गाडी बाजूनं गेली आणि भिंतीला धडकली. लोकांना वाटलं, म्हातारा बैलात गुंगला होता. चाचांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं, आणि दोघांना कळलं की आता हे आमच्या दोघांत लपायचं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कान जणू माझेच गेले होते. तेव्हाच त्यांनी माझा हात धरून एवढंच सांगितलं, कुणाला बोलू नकोस.

मग दोरीची युक्ती निघाली. डोकं माझं, हे सांगायला मला तेव्हा भारी अभिमान वाटायचा. माझी गाडी दुसरी. एक बारीक दोरी चाचांच्या कमरेला सदऱ्याखालून बांधायची, त्यांच्या गाडीतल्या पोत्यांमधनं काढायची, माझ्या बैलांच्या जुवावरून माझ्या हातात. खालची घुंगरं मला ऐकू आली की एक हिसका द्यायचा, म्हणजे थांबा. वाट मोकळी झाली की दोन हिसके, म्हणजे चला. चाचा हिसका बसला की कासरा ओढायचे, हात वर करायचे आणि मोठ्यानं सांगायचे, गाड्या यायल्यात. थोड्या वेळानं खरंच गाड्या यायच्या. मागचे गाडीवान म्हणायचे, काय कान हायत म्हाताऱ्याचं.

एकदा माझ्या बैलाच्या शिंगात दोरी अडकली आणि त्यानं मान झटकली. झालं, चाचा थांबले, हात वर केला, गाड्या यायल्यात म्हणाले. आम्ही बसलोय वाट बघत. एक चिलीम झाली, दोन झाल्या, कुणी येईना. मला तर हसू आवरेना, घोंगड्यात तोंड खुपसून बसलो. शेवटी आमचा मुकादम मागून चालत आला. गाड्यांची लावालाव तोच बघायचा, मिशाळ, तिरसट माणूस. कुठं गेल्या गाड्या, म्हणून त्यानं विचारलं. चाचांनी त्याच्या ओठांकडं नीट बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, माघारी फिरला असंल, काय तरी इसरलं असंल त्याचं. मुकादमानं मान डोलावली आणि परत गेला. अशी दोन पावसाळ्यांची आमची कारागिरी.

पण मी स्वभावानं उतावीळ. दुसऱ्यासाठी कान लावून बसायचं म्हणजे जिवाला चैन नाही. पानावरनं पाणी टपटपलं तरी वाटायचं घुंगरं वाजली. चार-चार तास दात आवळून बसायचो, मुठीत दोरी, आणि घाट उतरलो की डोकं ठणकायचं. कधीकधी मला चाचांचा राग यायचा, उगाच. मान त्यांचा आणि कान माझे, असं मनात यायचं. आलं होतं, खोटं कशाला बोलू.

घाटाच्या तोंडाशी एक शेंदूर फासलेला दगड होता. जाणाऱ्या-येणाऱ्यानं झाडाची एक डहाळी मोडून त्यावर ठेवायची, मग बैल उताराला घालायचे. पहिली डहाळी पुढल्या गाडीवाल्याची. चाचा पाच वेळा नमाज पढणारे, पण डहाळी ठेवल्याशिवाय त्यांनी कधी घाट उतरला नाही. म्हणायचे, रस्त्यावर ज्याची सत्ता त्याला सलाम करायला काय जातंय. डहाळी ठेवली की मावळतीचा वारा ती उचलायचा आणि आमच्या अंगावर, आंब्याच्या बाजूला आणून टाकायचा. दर खेपेला. आम्ही त्याकडं बघतही नव्हतो.

त्या दिवशी सकाळी आंब्याहून निघालो तेव्हा धुकं असं दाट की दगडापर्यंत चाचपडत गेलो. अश्विनाचे सुरुवातीचे दिवस. चाचांनी डहाळी ठेवली. ती दगडावरनं सरकली आणि पलीकडं, दरीकडं पडली. चाचा वाकले, तिच्याकडं बघत राहिले. मग दाढी वर करून उभे राहिले, डोळे मिटून, आधी एक गाल पुढं केला, मग दुसरा.

"पालटलाय," ते म्हणाले. "वारा उगवतीचा झाला."

अश्विनात कधीतरी वारा पालटतोच. त्यात नवल काही नाही. बहुतेक वेळा वारा पालटला की धुकंही जातं, मग कानांची गरजच राहत नाही, दोन कोसावरची गाडी दिसते. पण काही सकाळी अशा असतात की वारा नवा आला आणि धुकं अजून जुनंच आहे. त्या सकाळी सगळं उलटं होतं. आमची घुंगरं खाली जातात, चढणाऱ्याला ऐकू येतात, पण तो काही थांबायचा नाही, कारण थांबायचं ते उतरणाऱ्यानं, अशी रीत. आणि उतरणाऱ्याला काही ऐकूच येत नाही. अशा सकाळी एका माणसानं गाड्यांच्या पुढं दोन वळणं चालत जायचं, वाट मोकळी आहे का बघायचं, परत येऊन सांगायचं, आणि असं करत करत घाट उतरायचा. म्हातारे गाडीवान हे जाणून होते. मीही ऐकलं होतं, पण कधी केलं नव्हतं.

चाचांनी मला सांगितलं, उतर आणि पुढं चालत जा. मी वैतागलो. घोंगडं भिजलेलं, पाय गारठलेले, आणि दोन कोस घाट पायी वर-खाली करायचा म्हणजे दिवस तिथंच मोडायचा. वारा तरी कसला, नुसती झुळूक. मी कानावर हात ठेवून खूण केली, की मला काही ऐकू येत नाही, वाट मोकळी दिसतेय.

"तुला ऐकू येनार न्हाय, म्हणून तर जा म्हणतोय," चाचा म्हणाले.

गेलो मी. धुसफुसत गेलो. ह्या बहिऱ्या माणसानं मला कानाचं शिकवावं, असं तोंडातल्या तोंडात म्हणत गेलो. लाज वाटते आता सांगताना, पण म्हटलं होतं. पन्नासएक पावलं उतरलो. धुक्यात मागच्या गाड्या दिसेनाशा झाल्या. तिथं कड्याला लागून एक बसका दगड होता, त्यावर बसलो. चंची काढली, विडी वळली, ओढली. कान लावला, काही नाही. पहिलं वळणसुद्धा अजून पुढंच होतं. मनात म्हटलं, एवढ्या सकाळी कोण मरायला येतोय वर. दोन वळणं जाऊन यायला लागतो तेवढा वेळ काढून उठलो, परत आलो आणि चाचांच्या गाडीच्या चाकाशी उभा राहून, त्यांना ओठ दिसतील असं नीट सांगितलं, वाट मोकळी हाय.

चाचांनी मान हलवली आणि बैल उताराला घातले. मी माझ्या गाडीत चढलो, दोरी हातात घेतली. त्या दोरीचा त्या दिवशी काही उपयोग नव्हता, पण सवयीनं घेतली. पहिलं वळण आलं, तसं दोरी माझ्या हातातनं थोडी सरकली, जणू चाचा मागं रेलले. त्याच वेळी समोर धुक्यात एक काळं धूड दिसलं, आणि मग घुंगरं ऐकू आली, अगदी तोंडावर आल्यावर. चढणाऱ्या गाडीचे बैल आणि चाचांचे बैल एकमेकांच्या शिंगांना भिडले. पांढरा बिचकला, बाहेरच्या अंगाला सरला आणि त्याचे मागचे पाय कडेवरनं निसटले. डावं चाक दरीवर आलं. पांढरा गळ्याच्या पट्ट्यानं जुवाला लोंबकळत राहिला, आणि त्याच्या वजनानं दुसरा बैल आणि सगळी गाडी एकेक बोट कडेला जायला लागली.

आम्ही पाच-सहा जण मागच्या चाकाला लोंबकळलो. गाडी थांबेना. चाचा खाली उतरले, पांढऱ्याच्या डोक्यापाशी गेले, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं विळा घेऊन गळ्याचा पट्टा कापला. गाडी थांबली. पांढरा खाली गेला. त्याच्या गळ्यातली घुंगरं किती वेळ वाजत होती ते मी सांगणार नाही. ती फक्त चाचांना ऐकू आली नाहीत, हे एक बरं झालं असं मला तेव्हा वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल माझं मलाच कसंतरी झालं.

चढून येणारा गाडीवान संतापला होता. त्याचंही एक जू मोडलं होतं. तो म्हणाला, "पावणं, तुमची घुंगरं आमी कवाधरनं ऐकतोय की. म्हटलं, थांबतील रीतीपरमानं." त्याचं काही चुकलं नव्हतं. मुकादम मागून धावत आला. त्यानं गाडी बघितली, दरीत बघितलं, आणि विचारलं, ऐकायचं काम कुणाचं होतं. सगळे चाचांकडं बघायला लागले. मी दोरीचं टोक मुठीत घेऊन उभा होतो. आता मी बोलायचं, की वारा पालटला होता, चाचांनी ओळखला होता, मला पुढं धाडलं होतं आणि मी विडी ओढून परत आलो. चार वाक्यं होती. ती माझ्या तोंडापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

चाचांनी सदऱ्याखाली हात घातला. गाठ सोडली. दोरी त्यांच्या पायाशी पडली आणि त्यांनी ती पायानं चिखलात सारली. मग मुकादमाकडं वळले.

"मला ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली."

पुढल्या गाडीचा प्रश्न तिथंच, रस्त्यात उभ्या उभ्या मिटला. माझ्या खांद्यावर हात ठेवून मुकादम म्हणाला की ह्या गड्याचे कान चांगले आहेत, पुढं हाच. आणि मी, नालायक, गप्प बसलो. नुसता गप्प नाही, मान हलवली.

ते वर्ष कसं गेलं ते मलाच माहीत. चाचांनी पेठेत विटा आणि माती वाहिली, उरलेल्या बैलाशेजारी एक उसना बैल जुंपून. कुठल्या कट्ट्यावर थट्टा झाली की म्हातारा दोन वर्षं सगळ्यांना गंडवत होता, तर मी उठून जायचो. चाचांचं दार टाळायला मी मागच्या गल्लीनं वळसा घालून घरी यायचो. बायको विचारायची, भांडलात का. जेवायला बसलो की उठायचो, निजलो की उठून गोठ्यात जायचो. भर उन्हाळ्यात, झाडाचं पान हलत नसतानाही मला अश्विनाची धास्ती वाटायची. पुढल्या गाडीत बसून हिवाळ्याच्या खेपा केल्या, स्वच्छ आभाळ, सगळं दिसतंय, तरी पाठीला घाम. मलकापुरात माझ्या बैलांना पहिलं पाणी मिळायचं आणि मी दुसरीकडं बघत उभा राहायचो.

गणपती झाल्यावर मी मुकादमाकडं गेलो आणि सांगितलं, दुसऱ्या गाडीवर चाचा असतील तरच मी पुढं बसेन. मुकादमाला कळेना, बहिरा माणूस दुसऱ्या गाडीवर कशाला हवा. मी म्हटलं, ते मला विचारू नका. मिशी चावत तो म्हणाला, एक पावसाळा, बास. खरं कारण तेव्हाही माझ्या तोंडातनं निघालं नाही. चाचांना कुणी सांगितलं कोण जाणे. निघायच्या सकाळी ते बैल जुंपून आले आणि माझ्या हातात दोरी दिली. नवी होती, त्यांनी स्वतः वळलेली. माझ्या कमरेकडं बोट केलं. मी सदरा वर करून ती बांधून घेतली.

भादवा सरळ गेला. मावळतीचा वारा, खालची घुंगरं मला ऐकू यायची, मी थांबायचो. दोरी नुसती कमरेला. मला वाटायला लागलं, म्हाताऱ्यानं मला लाज आठवत राहावी म्हणून बांधलीय, आणि त्यात काही वावगं नाही असंही वाटायचं.

मग अश्विन आला. तशीच सकाळ, तसंच धुकं. दगडावर डहाळी ठेवली, ती उडून आंब्याच्या बाजूला पडली, नेहमीसारखी. मी हजारदा बघितलं. बैल उताराला घातले. तो बसका दगड मागं पडला, पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाच्या अलीकडं रुंद जागा लागली, आणि कमरेला हिसका बसला. एकच.

मी कासरा ओढला. कान लावला. काही नाही. पानांवरनं पाणी गळतंय, बैल फुरफुरतायत, बाकी काही नाही. बैलाच्या शिंगात दोरी अडकली असेल असं वाटलं आणि मागं वळून बघितलं. चाचा गाडीत ताठ बसले होते, दाढी वर, डोळे मिटलेले. मग मीही डोळे मिटले. बराच वेळ लागला मला. उजव्या गालावरचा गारवा गेला होता. मानेला, पाठीमागनं, काहीतरी थंड लागत होतं. घाटाच्या अर्ध्यात वारा पालटला होता.

उतरलो आणि चालत पुढं गेलो. वळण गेलं, त्याच्या पुढचं गेलं. तिथं सात गाड्या वर येत होत्या, नारळांच्या. दोन्ही हात वर करून मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. त्यांना सांगितलं, आमी थांबलोय वर, तुमी या. मग पळत वर आलो. धाप लागली होती. चाचांच्या गाडीच्या चाकाशी, गेल्या वर्षी उभा होतो तिथंच, उभा राहिलो. म्हटलं, सात गाड्या हायत. त्यांनी मान हलवली. आणि मग ते तोंडातनं बाहेर पडलं.

"चाचा, त्या दिशी मी खाली गेलोच न्हवतो. दगडावर बसून माघारी आलो."

ते माझ्या ओठांकडं बघत होते.

"ठावं हाय मला," चाचा म्हणाले. "वल्या रस्त्यावर तुझी पावलं दगडापाशी सपली हुती. बैल आवराय लागलो, तवर ती गाडी आली."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पट्टा कापताना ठाऊक होतं, मुकादमासमोर गाठ सोडताना ठाऊक होतं, सबंध वर्ष विटा वाहताना ठाऊक होतं. मी विचारलं, मग तुमच्यावर का घेतलं. रडत होतो मी, ते काही धुक्यात लपण्यासारखं नव्हतं. चाचांनी घोंगडं खांद्यावर सारखं केलं.

"मला ऐकू येत न्हाय, ते बी खरंच हुतं की," ते म्हणाले. "जा, बस. तुझं बैल हुबं हायत."

मी जाऊन बसलो. चाचा पाठीमागं बसलेले, त्यांच्याकडं वळून बघायची माझी हिंमत होईना. सात गाड्या आमच्या अंगावरनं एकेक करून वर गेल्या. शेवटची गाडी वळणाआड झाली. मी डोळे पुसले, पण कासरा हलवला नाही. आता मला पुढं जायचा हक्क आहे की नाही हेच कळत नव्हतं.

मग कमरेला दोन हिसके बसले.